वैमानिकाची बिघाडनोंद

वैमानिकाची बिघाडनोंद म्हणजे उड्डाणापूर्वीच्या तपासणीत किंवा प्रत्यक्ष उड्डाणात आढळलेल्या दोषाची वैमानिकाने विमानाच्या तंत्रनोंदवहीत केलेली लेखी नोंद होय. भारतीय विमान वाहतुकीत तिला ‘पायलट डिफेक्ट रिपोर्ट’ किंवा संक्षेपाने ‘पीडीआर’ असे म्हणतात. बोलीत मात्र वैमानिक आणि अभियंते दोघेही ‘स्नॅग’ हाच शब्द वापरतात. नोंद झाल्यानंतर तिचे निराकरण केल्याखेरीज, अथवा नियमानुसार ते पुढे ढकलल्याखेरीज, विमानाला पुढील उड्डाण करता येत नाही. त्यामुळे ही दोन-तीन ओळींची नोंद वैमानिक, देखभाल अभियंता आणि विमान कंपनी यांच्यातील जबाबदारीची सीमारेषा ठरते.

दुरुस्त झाला असे नोंदवूनही जो दोष त्याच विमानात पुन्हा उद्भवतो, त्यास आवर्ती बिघाड म्हणतात. असे बिघाड हा वैमानिकांच्या चिंतेचा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड विषय आहे. देखभाल तळापासून दूर असलेल्या विमानतळांवर, उदाहरणार्थ अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डी येथे, या चिंतेला काही वेगळ्या बाजू असतात.

तंत्रनोंदवही

प्रत्येक प्रवासी विमानात एक तंत्रनोंदवही असते. तिच्यात उड्डाणाचे तास, भरलेले इंधन व तेल, आढळलेले दोष, त्यांवर केलेली कारवाई आणि विमान सेवेस योग्य असल्याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र यांची क्रमवार नोंद असते. पानाच्या एका बाजूस वैमानिक दोष लिहितो आणि समोर अभियंता उपाय लिहून सही करतो. विमान हाती घेताना पुढील वैमानिक मागील काही दिवसांची पाने वाचतो आणि विमान स्वीकारल्याची सही करतो. पानाच्या एकापेक्षा अधिक प्रती असतात व उड्डाणापूर्वी एक प्रत जमिनीवर ठेवली जाते. यामागचे कारण साधे पण गंभीर आहे: विमान नष्ट झाले तरी त्याची शेवटची तांत्रिक स्थिती कागदावर उरावी. अनेक कंपन्यांनी आता ही वही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणली आहे, तरी सहीचा क्रम तोच राहिला आहे.

आधुनिक विमानांतील संगणक स्वतःही दोष नोंदवतात. एअरबस व बोईंगच्या नव्या विमानांमध्ये उड्डाणानंतर अशा संदेशांची यादी मिळते. ही यादी वैमानिकाच्या नोंदीला पूरक असते, पर्यायी नव्हे. चाकांजवळून येणारी थरथर, केबिनमध्ये येणारा जळका वास, ब्रेक दाबताना विमानाचे एका बाजूस ओढले जाणे या गोष्टी संगणकाला बहुधा कळत नाहीत.

नोंद कशी लिहिली जाते यावर दुरुस्तीचा दर्जा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. ‘रेडिओ नीट चालत नाही’ एवढ्या नोंदीवरून अभियंत्याला फारसे काही करता येत नाही. कोणता रेडिओ, कोणत्या उंचीवर, चढताना की उतरताना, पावसात की कोरड्या हवेत, किती वेळ, आणि दुसऱ्या संचावर तोच दोष आला का, हे लिहिलेले असेल तर शोध निम्मा सोपा होतो. उड्डाणांमधील वेळ कमी असल्याने नोंदी त्रोटक होतात, ही तक्रार अभियंत्यांकडून नेहमी केली जाते आणि तीत तथ्य आहे.

बिघाड पुढे ढकलणे

विमानातील प्रत्येक उपकरण चालू असल्याशिवाय उड्डाण करायचेच नाही असा नियम केला तर विमान वाहतूक चालणार नाही. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेच्या दोन किंवा तीन प्रती विमानात असतात. त्यांतील एक बंद असताना कोणत्या अटींवर उड्डाण करता येईल हे ‘किमान उपकरण सूची’ सांगते. ती ‘एमईएल’ या नावाने ओळखली जाते. उत्पादक व त्याच्या देशातील नियामक एक मूळ सूची तयार करतात. तिच्यापेक्षा सैल नसलेली स्वतःची सूची प्रत्येक कंपनी बनवते आणि भारतात तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजेच डीजीसीएची मान्यता घ्यावी लागते.

सूचीतील दोषांचे चार प्रवर्ग असतात. ‘अ’ प्रवर्गातील दोषांची मुदत सूचीतच स्वतंत्रपणे दिलेली असते. ‘ब’ प्रवर्गातील दोष ३, ‘क’ प्रवर्गातील १० आणि ‘ड’ प्रवर्गातील १२० दिवसांत दूर करावे लागतात. दोष नोंदवला तो दिवस यात धरला जात नाही. बंद उपकरणाजवळ तशी चिठ्ठी लावली जाते. काही दोषांसाठी अभियंत्याने आणि काहींसाठी वैमानिकाने करावयाची जादा कृती सांगितलेली असते.

सूचीनुसार उड्डाण करणे हे पूर्णतः कायदेशीर असते आणि बहुतेक वेळा सुरक्षितही. प्रश्न उद्भवतो तो अनेक दोष एकाच वेळी ढकललेले असताना. प्रत्येक दोष स्वतंत्रपणे मान्य असला तरी त्यांचा एकत्रित परिणाम सूचीत लिहिलेला नसतो. तो विचार वैमानिकाने करावा अशी अपेक्षा असते. हवामान खराब असलेल्या रात्री, पाऊस पडत असलेल्या धावपट्टीवर, एक रिव्हर्सर बंद आणि स्वयंचलित ब्रेकही बंद अशा अवस्थेत उतरायचे की नाही, याचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नसते. विमानाच्या सुरक्षिततेबाबत अंतिम अधिकार कॅप्टनचा असतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत स्पष्ट केलेले आहे. कॅप्टन विमान नाकारू शकतो. प्रत्यक्षात नकार देताना त्याच्यापुढे उशीर झालेले प्रवासी, भरून गेलेले कर्तव्यतास आणि कंपनीच्या नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी असतात.

आवर्ती बिघाड

डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकतांमधील दुसऱ्या विभागाच्या ‘क’ मालिकेत दोषांची नोंद, अहवाल, तपास, निराकरण व विश्लेषण यांचे नियम आहेत. त्यांनुसार दुरुस्तीचे प्रयत्न होऊनही त्याच विमानात पुन्हा येणारा दोष वेगळा ओळखून त्यावर स्वतंत्र लक्ष ठेवणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे. अशा दोषांची यादी देखभाल नियंत्रण कक्षाकडे असते.

हे दोष परत का येतात याची कारणे बहुधा पुढील प्रकारची असतात. विद्युत जोडणीतील सैल पिन किंवा झाळकामातील सूक्ष्म तडा जमिनीवर, विमान स्थिर असताना, दोष दाखवत नाही. ३५,००० फुटांवर बाहेरचे तापमान शून्याखाली ५० अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की धातू आकुंचन पावतो आणि संपर्क तुटतो. विमान उतरून तापले की सर्व काही सुरळीत होते. अभियंता उपकरणाची चाचणी घेतो, ती उत्तीर्ण होते आणि नोंदवहीत ‘जमिनीवर तपासले, समाधानकारक आढळले’ असे लिहिले जाते. हे वाक्य खोटे नसते, पण त्याने काही दुरुस्तही झालेले नसते. वैमानिकांच्या वर्तुळात ते अत्यंत परिचित आणि काहीसे नावडते वाक्य आहे.

दुसरे कारण म्हणजे मूळ दोष न शोधता भाग बदलत जाणे. संगणकाचा डबा बदलण्यास थोडा वेळ लागतो, तर कित्येक मीटर लांबीच्या वायरिंगमधील तडा शोधण्यास विमान तासन्‌तास, कधी दिवसभर, उभे ठेवावे लागते. त्यामुळे आधी डबा बदलला जातो. काढलेला डबा कार्यशाळेत तपासला असता निर्दोष ठरतो, पुन्हा साठ्यात येतो आणि एखाद्या दिवशी दुसऱ्या विमानात बसवला जातो. सुटे भाग नसतील तर उभ्या असलेल्या विमानाचा भाग काढून उडणाऱ्या विमानाला लावण्याची पद्धतही आहे. नियमांची चौकट पाळून ती करता येते, मात्र एका कामासाठी दोन विमाने उघडावी लागतात आणि चुकीची शक्यता दुप्पट होते.

तिसरे कारण माहितीच्या विखुरलेपणाचे आहे. एकाच दिवसात एक विमान पाच-सहा शहरांत उतरते, तीन वेगवेगळे वैमानिक-संच ते उडवतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा अभियंता त्याला निरोप देतो. प्रत्येकाच्या दृष्टीने तो दोष पहिलाच असतो. तो चौथ्यांदा आला आहे हे फक्त नोंदवहीची मागची पाने सांगतात, आणि ती वाचायला २५ ते ३० मिनिटांच्या थांब्यात वेळ काढावा लागतो.

शिर्डी विमानतळ

शिर्डी विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे, शिर्डी गावापासून सुमारे १४ किलोमीटरवर आहे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तो विकसित केला. तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि त्याच दिवशी मुंबईशी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीची लांबी २,५०० मीटर असून तिच्यावर एटीआर ७२ सारखी टर्बोप्रॉप तसेच एअरबस ए३२० आणि बोईंग ७३७ या वर्गातील जेट विमाने उतरतात. बहुसंख्य प्रवासी साईबाबांच्या दर्शनासाठी येणारे भाविक असतात.

विमान देखभालीच्या भाषेत शिर्डी हे ‘संक्रमण स्थानक’ आहे. विमान येते, प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि विमान परत जाते. येथे मोठ्या दुरुस्त्या होत नाहीत. महाराष्ट्रात मोठ्या विमानांच्या देखभालीची व्यवस्था मुंबईत आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहे. शिर्डीसारख्या स्थानकावर गंभीर दोष आढळल्यास सुटा भाग, विशेष अवजार किंवा त्या यंत्रणेचा परवाना असलेला अभियंता बाहेरून आणावा लागतो.

यामुळे मुंबईत किरकोळ ठरणारा दोष येथे मोठा होऊ शकतो. विमानाच्या शेपटीतील लहान सहायक इंजिन, ज्याला ‘एपीयू’ म्हणतात, बंद असताना उड्डाण करण्यास सूची साधारणतः परवानगी देते. मोठ्या विमानतळावर इंजिन सुरू करण्यासाठी लागणारी दाबाची हवा जमिनीवरील यंत्रातून मिळते. ज्या स्थानकावर असे यंत्र नसेल तेथे विमानाला एक मुख्य इंजिन चालू ठेवूनच थांबावे लागते किंवा तेथे जाणेच टाळावे लागते. एटीआर ७२ मध्ये एपीयू नसतेच. थांब्यावर त्याचे उजवे इंजिन चालू ठेवून पंखा ब्रेकने थोपवला जातो, जेणेकरून वीज व वातानुकूलन मिळत राहील. वैमानिक या अवस्थेला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. पंख्याचा हा ब्रेक बिघडला तर उन्हाळ्यातील दुपारी काकडीच्या माळावर प्रवाशांना बसवून ठेवणे कठीण होते. सूचीतील नोंद दोन्ही ठिकाणी तीच असते, स्थानकाप्रमाणे तिची किंमत बदलते.

धावपट्टीचाही संबंध येतो. शिर्डीत विमान धावपट्टीबाहेर जाण्याच्या दोन घटना सुरुवातीच्या वर्षांत घडल्या. मे २०१८ मध्ये मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर विमान आणि २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे बोईंग ७३७-८०० विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले. दोन्ही वेळा प्रवासी सुखरूप राहिले, परंतु २०१९ च्या घटनेनंतर धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली. धावपट्टी एकच असल्याने तिच्यावर वा तिच्या टोकाशी एक विमान अडकले की संपूर्ण विमानतळ थांबतो. ब्रेक, चाक घसरू न देणारी यंत्रणा, रिव्हर्सर आणि पंखावरील स्पॉयलर यांपैकी काहीही मर्यादित असेल तर उतरण्यास लागणारे अंतर वाढते. साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर न जाणवणारी ही वाढ अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर हिशेबात धरावीच लागते. दख्खनच्या पठाराची उंची आणि एप्रिल-मे महिन्यांतील तापमान यांमुळे हवा विरळ होऊन जमिनीवरील वेग वाढतो, ही बाब त्यात आणखी भर घालते.

उपकरणे केवळ विमानातच नसतात. आरंभीची अनेक वर्षे शिर्डीत रात्रीच्या उड्डाणांची सोय नव्हती आणि उतरण्यासाठी दृश्यमानताही बरीच जास्त लागत असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता अपुरी ठरल्याने सर्व विमानसेवा अनेक दिवस बंद ठेवावी लागली होती. रात्रीची सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळात सूर्यास्ताची वेळ ही प्रत्येक दुरुस्तीची अदृश्य मुदत होती. दुपारी चार वाजता निघालेला दोष साडेसहापर्यंत दूर झाला नाही तर विमान रात्रभर काकडीतच उभे राहणार, दीडशेहून अधिक प्रवाशांची सोय करावी लागणार आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची त्या विमानाची सर्व उड्डाणे कोलमडणार, हे वैमानिकाला आणि अभियंत्याला दोघांनाही ठाऊक असे. अशा वेळी ‘दोष येथे नोंदवू की तळावर पोहोचल्यावर’ हा मोह निर्माण होतो. नियम याबाबत निःसंदिग्ध आहे: दोष जेथे आढळला तेथेच तो लिहावयाचा असतो. तरीही दिवसाच्या शेवटच्या फेरीनंतर, तळावर, नोंदींची संख्या वाढलेली दिसणे ही जगभरच्या विमान कंपन्यांतील परिचित बाब आहे.

महाराष्ट्रातील पूर्वघटना

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅरॅव्हेल विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून मद्रासकडे निघाले. नियोजित बोईंग ७३७ विमानात बिघाड झाल्याने त्याऐवजी हे विमान देण्यात आले होते. उड्डाणानंतर लगेचच त्याच्या इंजिनातील कॉम्प्रेसरची एक तबकडी धातूच्या थकव्याने फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधननलिका तुटून आग लागली. वैमानिकांनी विमान परत वळवले, परंतु आगीत हायड्रॉलिक द्रव नष्ट होऊन नियंत्रण सुटले व विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. विमानातील सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यांत होत्या. धातूच्या आतील तडा वैमानिकाला ना दिसतो ना जाणवतो. अशा दोषासाठी बिघाडनोंद उपयोगाची नसते. ठरावीक फेऱ्यांनंतर भाग काढून त्याची तपासणी करणे हाच मार्ग असतो.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोईंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईसाठी निघाले आणि अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. १९० प्रवासी व २३ कर्मचारी असे २१३ जण दगावले. समुद्रावर गेल्यावर बाहेर काळोख होता व क्षितिज दिसत नव्हते. विमान उजवीकडे वळून सरळ झाल्यानंतरही कॅप्टनसमोरील कल दर्शविणारे उपकरण उजवा कल दाखवत राहिले. त्यावर विश्वासून कॅप्टनने विमान डावीकडे कलवत नेले. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, पण वेळ उरला नव्हता. उपकरण-उत्पादक व बोईंग यांच्याविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयाने कंपन्यांवरील निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. भारतीय वैमानिक-प्रशिक्षणात ही दुर्घटना आजही शिकवली जाते, कारण तीत नोंदवही, अभियंता किंवा सूची यांपैकी काहीच मदतीला येऊ शकत नव्हते. मदत होती ती फक्त शेजारच्या दोन उपकरणांशी तुलना करण्याच्या सवयीची.

परदेशातील दोन प्रकरणे

आवर्ती बिघाडाच्या अभ्यासात इंडोनेशियातील दोन अपघातांना विशेष स्थान आहे. २८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशिया एअरएशियाचे सुराबाया–सिंगापूर उड्डाण जावा समुद्रात कोसळून १६२ जण मरण पावले. त्या एअरबस ए३२० मध्ये सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेचा दोष मागील १२ महिन्यांत २३ वेळा नोंदला गेला होता. मूळ कारण इलेक्ट्रॉनिक पट्टीवरील झाळकामाचा तडा हे होते. प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा चालू केला की इशारा जाई, म्हणून दोष गेला असे समजले जाई. अखेरच्या उड्डाणात हाच इशारा चार वेळा आला. तो घालवण्यासाठी उड्डाणातच सर्किट ब्रेकर ओढला गेल्याचे तपासात आढळले. त्यामुळे स्वयंचलित चालक बंद पडला आणि हाती आलेले विमान वैमानिकांना सावरता आले नाही. दोष स्वतः प्राणघातक नव्हता. त्याची सवय झाली होती.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे बोईंग ७३७ मॅक्स विमान जकार्ताजवळ समुद्रात कोसळले व १८९ जण दगावले. या अपघाताची चर्चा प्रामुख्याने बोईंगच्या ‘एमकॅस’ या प्रणालीच्या सदोष रचनेमुळे झाली, आणि ते योग्यच आहे. परंतु नोंदवहीची बाजूही तितकीच बोलकी आहे. आधीचे काही दिवस त्या विमानात कॅप्टनच्या बाजूच्या वेग व उंचीच्या दर्शकांत दोष येत होता. आदल्या दिवशी पंख व हवा यांमधील कोन मोजणारा संवेदक देनपसार येथे बदलला गेला. बसवलेला संवेदक सुमारे २१ अंशांनी चुकीचा होता. त्याच रात्रीच्या उड्डाणात नियंत्रणदांडा सतत थरथरत राहिला आणि विमानाचे नाक आपोआप खाली जाऊ लागले. कॉकपिटमध्ये असलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने ते जकार्ताला पोहोचले. मात्र उतरल्यावर कॅप्टनने केलेल्या नोंदीत दांड्याची थरथर आणि नाक खाली ओढले जाणे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. वेग व उंचीच्या आकड्यांतील विसंगतीचे इशारे लिहिले होते. अभियंत्यांनी लिहिलेल्या दोषावर उपाय केला, हवेच्या नळ्या साफ केल्या आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेत दिले. पुढील वैमानिकांना आदल्या रात्री काय घडले हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

भारतातील देखरेख

भारतात देखभाल संस्थांना ‘कार-१४५’, अभियंत्यांच्या परवान्यांना ‘कार-६६’ आणि उड्डाणयोग्यता टिकवण्याच्या व्यवस्थेला ‘कार-एम’ हे नियम लागू आहेत. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. अपघातांचा तपास २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग करतो.

नियामकाने संपूर्ण ताफ्यातील आवर्ती दोषावर कठोर पाऊल उचलल्याचे ठळक उदाहरण ए३२० निओ विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचे आहे. मार्च २०१८ मध्ये डीजीसीएने ठरावीक मालिकेची इंजिने असलेली इंडिगोची ८ व गोएअरची ३ अशी ११ विमाने जमिनीवर आणली. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडिगोला ९७ विमानांवरील न सुधारलेली इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्याचा आदेश दिला गेला.

संक्रमण स्थानकांच्या दृष्टीने १८ जुलै २०२२ चा आदेश अधिक महत्त्वाचा आहे. त्या उन्हाळ्यात तांत्रिक घटनांची संख्या वाढल्याने डीजीसीएने अचानक तपासण्या केल्या. नोंदवलेल्या दोषाचे कारण चुकीचे ओळखणे, सूचीच्या आधारे विमाने सोडण्याचे वाढते प्रमाण आणि लहान स्थानकांवर ‘अ’ प्रवर्गाचा मर्यादित परवाना असलेल्या कर्मचाऱ्यांना वारंवार एकवेळची परवानगी देणे, अशा त्रुटी त्यांत आढळल्या. यानंतर तळ असो वा संक्रमण स्थानक, प्रत्येक विमान ‘ब-१’ किंवा ‘ब-२’ परवानाधारक अभियंत्यानेच सोडावे आणि ही व्यवस्था २८ जुलैपर्यंत करावी असा आदेश निघाला. ‘ब-१’ परवाना यांत्रिक व इंजिनविषयक, तर ‘ब-२’ परवाना विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. याच महिन्यात स्पाइसजेटला देखभालीतील त्रुटींबाबत कारणे दाखवा नोटीस बजावून आठ आठवड्यांसाठी निम्म्या उड्डाणांची मर्यादा घालण्यात आली होती.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे बोईंग ७८७ विमान कोसळून विमानातील २४१ व जमिनीवरील १९ असे २६० जण मरण पावले. उड्डाणक्रमांक १७१ होता; १९७६ मध्ये मुंबईत कोसळलेल्या कॅरॅव्हेलचाही क्रमांक हाच होता, हा केवळ योगायोग. विमान दिल्लीहून अहमदाबादला आले तेव्हा आधीच्या वैमानिकाने आडव्या शेपूटपंखाच्या स्थितीदर्शक संवेदकाविषयीच्या संदेशाची बिघाडनोंद केली होती. अभियंत्याने पुस्तिकेनुसार तपासणी करून १२ वाजून १० मिनिटांनी विमान सोडले. १२ जुलैच्या प्राथमिक अहवालात ही नोंद दिलेली आहे, पण तिचा अपघाताशी संबंध जोडलेला नाही. अहवालाचा भर उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेल्याच्या नोंदीवर आहे. याच स्विचच्या कुलूपबंदीविषयी अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये काढलेल्या सल्लापत्रकाचाही त्यात उल्लेख आहे. पत्रक बंधनकारक नसल्याने त्यानुसार तपासणी झाली नव्हती, आणि २०२३ पासून या विमानात स्विचविषयी कोणताही दोष नोंदलेला नव्हता.

या अपघातानंतर डीजीसीएने दिल्ली व मुंबईसह प्रमुख विमानतळांवर रात्री व पहाटे विशेष तपासण्या केल्या आणि २४ जून २०२५ रोजी निष्कर्ष जाहीर केले. नोंदवलेले दोष त्याच विमानात अनेकदा पुन्हा आल्याची प्रकरणे त्यांत होती आणि देखरेख व दुरुस्ती अपुरी असल्याचे ते लक्षण मानले गेले. विमानाच्या संगणकाने दिलेले काही दोष-संदेश तंत्रनोंदवहीत उतरवलेलेच नव्हते. झिजलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखून, ते बदलल्यावरच सोडण्यात आले. संबंधित कंपन्यांची नावे न देता त्यांना सात दिवसांत सुधारणा करण्यास सांगण्यात आले.

अहवाल देणाऱ्याचे संरक्षण

दोष लिहिणे हे वैमानिकाचे कर्तव्य असले तरी वारंवार लिहिणारा वैमानिक ‘त्रासदायक’ ठरण्याची भीती सर्वत्र असते. अभियंत्यांच्या बाबतीतही, विमान रोखून धरणाऱ्याला जाब विचारला जातो आणि सोडणाऱ्याला विचारला जात नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९७६ मध्ये नासाने गोपनीय अहवाल योजना सुरू केली. ती आजही चालू आहे आणि अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या २०१३ पासून लागू झालेल्या परिशिष्ट १९ मध्ये सुरक्षाविषयक माहिती व ती देणारी व्यक्ती यांना संरक्षण देण्याची तरतूद आहे. भारतात डीजीसीएकडे ऐच्छिक अहवाल देता येतो व देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. मात्र हा अहवाल तंत्रनोंदवहीची जागा घेत नाही. ऐच्छिक अहवालाने विमान थांबत नाही; नोंदवहीतील ओळीने थांबते.